धान्याची दारू, सरकारचा कर आणि चवीचा राहून गेलेला प्रश्न

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पिणाऱ्यांसाठी आहे, न पिणाऱ्यांसाठी तर जास्तच आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरच्या करात मोठी वाढ केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. त्याच बैठकीत एक नवा प्रकार जन्माला आला, ‘महाराष्ट्र मेड लिकर’. धान्यापासून बनवलेली, राज्यातल्याच उत्पादकांनी करायची दारू. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, विदेशीला २०५ रुपये आणि ही नवी मधल्या पायरीवर, १४८ रुपये. या सगळ्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे येतील असा सरकारचा अंदाज.

आपल्याकडं यावर बोलणं झालं ते दोनच बाजूंनी. पिणारे म्हणाले महाग केली. न पिणारे म्हणाले सरकारच पाजतंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण एक साधा प्रश्न राहूनच गेला. ‘धान्यापासून’ म्हणजे कोणत्या धान्यापासून? आणि ते धान्य पिणाऱ्याला कळणार कसं? आपण ज्वारीच्या मुलखातले लोक. भाकरीचा तुकडा तोंडात टाकला की ज्वारी नवी की जुनी, गावरान की हायब्रीड, ते सांगतो. मग दारूच्या बाबतीतच धान्याची चव हा विषय आपल्या डोक्यात का येत नाही?

याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो नीट समजायला जपान-कोरियापर्यंत जावं लागतं. कोणी म्हणेल, काहून बावा, जठारपेठेत बसून जपानच्या दारूचं पुराण? कारण एवढंच, की घरातली दारू सरकारनं कराच्या हिशोबात ओढली, ही गोष्ट त्यांच्याकडं आणि आपल्याकडं जवळजवळ एकाच वेळी घडली. पुढचे रस्ते मात्र वेगळे झाले.

आधी प्रक्रिया समजून घेऊ

द्राक्षात, उसात, मोहाच्या फुलात साखर आयती असते. भिजवून ठेवलं की यीस्ट आपलं काम सुरू करतं. धान्यात अशी साखर नसते, पिष्ट असतं. ते आधी फोडावं लागतं, मगच आंबवता येतं. युरोपनं त्यासाठी जवाला मोड आणले, त्यातून बिअर झाली. पूर्व आशियानं बुरशी वापरली.

जपानमध्ये वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते, आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करतं. दोन्ही कामं जोडीनं चालतात, म्हणून भट्टी न लावताच साके पिंपात २० टक्क्यांच्या आसपास जाते. पाणी घालून बाटलीत साधारण १५-१६ टक्के ठेवतात. म्हणजे साके ही गाळलेली दारू नव्हे, आंबवलेलं पेय आहे. चीनमधली शाओशिंगची पिवळी वाइन आणि कोरियाची दुधाळ माकगोली ही तिचीच भावंडं. फक्त त्यांचं विरजण बहुतेक गव्हाचं असतं.

हे ज्ञान आपल्याला परकं आहे असं समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात ‘सुराध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. त्यात ‘मेदक’ या पेयाचं मापच दिलंय. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. हे किण्व म्हणजे दारूचं विरजण, आणि तेही उडीद आणि तांदूळ वाटून त्यात वनस्पती मिसळून करायचं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ‘किण्वन’ शब्द शिकलो तो याच घराण्यातला. त्याच प्रकरणात सांगितलंय, की उत्सव, समाज आणि यात्रेच्या वेळी लोकांना चार दिवस दारू करण्याची मोकळीक द्यावी. एरवी कारभार राजाचा, पण सणाला घरच्या हाताला वाव.

ही परंपरा पुस्तकात राहून गेली असंही नाही. झारखंड-ओडिशात तांदळाची हंडिया आजही ‘रानू’ नावाच्या मुळ्या-पाल्याच्या गोळ्या टाकून करतात. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये तांदळाचा ‘लांदा’ आहे. आसामच्या डिमासा लोकांच्या ‘जुडिमा’ या तांदळाच्या मद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि आपल्याकडं? महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील लागते ना? आंबिलीत नशा नाही, ती गोष्ट वेगळी. पण पीठ किती वेळ आंबवायचं, आंबटपणा कुठं थांबवायचा, वास कसा आला म्हणजे बिघडलं, हे आपल्या आज्यांना नाकानं कळत होतं. धान्य आंबवायची जाण घरात होती. जपानी माणूस साके चाखतो तेव्हा हीच जाण वापरतो.

घरची दारू सरकारजमा कशी झाली

इंग्रजांना दारूत महसूल दिसला. अडचण अशी, की मोहाची दारू घरोघरी, पाड्यापाड्यावर होत होती. जी घरी होते तिच्यावर कर कसा लावणार? म्हणून १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोह कायदा आणला. ठाणे आणि कुलाब्याच्या पट्ट्यात थेट फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावरच निर्बंध. जे फूल आदिवासी उपाशी महिन्यांत खातात, जे जनावरांनाही घालतात, ते फूलच गुन्ह्याचा मुद्देमाल झालं.

वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. कायदा वेगळा असला तरी दिशा तीच. गावच्या भट्ट्या कमी करायच्या, मोठ्या डिस्टिलरीतून ठेक्यानं दारू पुरवायची आणि गॅलनवर शुल्क घ्यायचं. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनं हीच पद्धत देशभर नेण्याची शिफारस केली. मेळघाटच्या कोरकूंना लग्नात, देवकार्यात मोहाची लागते. ती घरची असली तर गुन्हा, ठेकेदाराची असली तर महसूल.

आता जपान बघा. तिथं शेतकरी घरी ‘दोबुरोकू’ करायचे. ही न गाळलेली, भाताची शितं तरंगणारी साके. जपान सरकारला सैन्य आणि आरमार उभं करायला पैसा हवा होता. १८९९ मध्ये घरी दारू करण्यावर पूर्ण बंदी आली. त्याच सुमारास दारूवरचा कर जमीन महसुलाला मागं टाकून देशाच्या तिजोरीत पहिल्या नंबरावर गेला. एकूण कराचा जवळपास तिसरा हिस्सा दारूतून येत होता. रशियाशी युद्ध झालं त्यात या पैशाचा मोठा वाटा.

१८९२ ला आपल्याकडं मोह, १८९९ ला तिकडं दोबुरोकू. सरकार परकं असो की स्वकीय, तिजोरीची भूक सारखीच. गरिबाच्या घरातलं मडकं फोडण्यात दोन्ही सरकारांमध्ये काही फरक नव्हता.

फाटा इथं फुटला

फरक पडला तो पुढच्या पावलात. जपानच्या अर्थखात्यानं १९०४ मध्ये तोक्योत मद्यनिर्मितीची संशोधन संस्था काढली. शेती खात्यानं नाही, अर्थखात्यानं. हिशोब सरळ होता. साके नासली की कर बुडतो, म्हणून साके चांगली झाली पाहिजे. मग यीस्टचे चांगले वाण निवडून ते सगळ्या कारखान्यांना वाटले. १९११ पासून देशभरच्या नव्या साकेची चव-परीक्षा सुरू झाली. तपासणीच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात. पांढऱ्या भागावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर साके किती नितळ आहे ते दिसतं. परीक्षक वास घेतो, घोट तोंडात फिरवतो आणि थुंकून टाकतो. आजही साके तिथल्या राष्ट्रीय कर खात्याच्याच अखत्यारीत आहे.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना. मग साकेत बाहेरून मद्यार्क, साखर, आंबटपणासाठी ॲसिड घालून तिची तिप्पट करायची पद्धत आली. युद्ध संपलं, तांदूळ आला, तरी ही ‘तिप्पट साके’ कित्येक वर्षं चालूच राहिली, कारण ती स्वस्त पडायची. लोकांची जीभ त्याच चवीला सरावली. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

यातून बाहेर पडायला जपानला काही दशकं लागली, आणि मदत झाली ती लेबलच्या नियमांची. १९९० पासून तिथं नामांकनाची पद्धत लागू झाली. बाटलीवर ‘जुनमाई’ लिहायचं असेल तर फक्त तांदूळ, पाणी आणि कोजी, बाहेरचा मद्यार्क थेंबभरही नाही. ‘गिंजो’ लिहायचं तर दाणा घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी उरलेला पाहिजे. ‘दाईगिंजो’साठी ५० टक्के, म्हणजे अर्धा तांदूळ भुकटी होऊन बाजूला गेला. एवढा का घासायचा? दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि तेल असतं, त्यानं चव जड आणि खरबरीत होते. मधला गाभा पिष्टाचा, त्यातून हलकी, फळांच्या वासाची साके निघते. ‘यामादा निशिकी’ हा साकेसाठीच निपजवलेला भाताचा वाण, त्याला हे नाव १९३६ मध्ये मिळालं. शेतकऱ्याला त्याचा भाव जेवणाच्या तांदळापेक्षा चढा मिळतो.

म्हणजे बाटलीवरच्या दोन शब्दांवरून गिऱ्हाइकाला कळतं, आत किती धान्य आहे आणि किती बनवाबनवी. नियम सरकारचा, फायदा शेतकऱ्याचा आणि पिणाऱ्याचा. यामुळं जपान जास्त प्यायला लागला का? नाही. साकेचा खप १९७० च्या दशकात शिखरावर होता, आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली आहे. लोक कमी पितात, पण बघून पितात. डिसेंबर २०२४ मध्ये कोजी वापरून मद्य करण्याचं हे कौशल्य युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

घरच्या दोबुरोकूवरची बंदी मात्र आजही आहे. एका माणसानं ती मुद्दाम मोडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, १९८९ मध्ये तो हरला. पुढं सरकारनंच खास विभाग ठरवून तिथल्या शेतकऱ्यांना परवाने दिले. शंभरेक वर्षांनी दार थोडंसं किलकिलं झालं, एवढंच.

कोरियाचा धडा आपल्या जास्त जवळचा

कोरियात घरोघरी माकगोली व्हायची, प्रत्येक घराची चव निराळी. जपानी राजवटीनं १९१६ च्या कर कायद्यानं ती आवळली आणि १९३४ पर्यंत घरगुती परवाने संपवले. स्वातंत्र्यानंतर स्वतःच्या सरकारनं १९६५ मध्ये धान्यटंचाईचं कारण देऊन दारूसाठी तांदूळ वापरायलाच बंदी केली. माकगोली गव्हाच्या पिठाची झाली, पातळ आणि बेचव. त्या जागी हिरव्या बाटलीतली स्वस्त सोजू बसली. ही सोजू म्हणजे रताळी, टॅपिओका किंवा मिळेल त्या पिष्टाचं बिनचवीचं स्पिरिट, त्यात पाणी आणि गोडी आणणारी द्रव्यं. आज जगभर लोक तिलाच ‘कोरियाची पारंपरिक दारू’ समजतात. परंपरा कसली? तो १९६५ च्या सरकारी आदेशाचा परिणाम आहे. तांदळापासून भट्टीवर काढलेली जुनी सोजू आजही आंदोंगसारख्या गावात मिळते, पण ती वेगळीच चीज.

घरी स्वतःपुरती दारू करायला कोरियात १९९५ मध्ये परत मुभा मिळाली. २०२१ मध्ये माकगोली करण्याची कला राष्ट्रीय वारसा ठरली. मधल्या साठ वर्षांत किती घरांच्या चवी गेल्या, त्याची नोंद कुठंच नाही.

आता आपली बाटली

स्वातंत्र्यानंतर आपण तिसरा रस्ता धरला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ चाच होता. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आजही प्रत्येक बार, प्रत्येक देशीचं दुकान ज्या कायद्याखाली चालतं त्याचं नाव दारू‘बंदी’ कायदा आहे, आणि कागदोपत्री प्यायलाही परवाना लागतो. सरकारला दारू नको आहे, पण दारूचा पैसा हवा आहे. जी वस्तू तत्त्वतः नकोच आहे, तिच्या चवीची चौकशी कोण करणार? तपासणी होते ती तीव्रतेची आणि शुल्क भरलं की नाही याची.

परिणाम समोर आहे. संत्र्याचं नाव घेतलं की जगाला वरूड-मोर्शी आठवायला पाहिजे. आपल्याकडं दुकानात ‘संत्रा’ म्हटलं की देशीची बाटली पुढं येते. साखर कारखान्याच्या मळीचं स्पिरिट, वर संत्र्याचा स्वाद. आमच्या बागाईतदाराचं फळ भावाअभावी रस्त्यावर, आणि त्याच्या फळाचं नाव बाटलीवर. ही आपली ‘तिप्पट साके’, हीच आपली हिरवी बाटली. आणि जीभ तिलाच सरावली.

२००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन द्यायचं धोरण राज्यानं आणलं. कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल असं सांगितलं. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला, खायच्या धान्याची दारू कशाला, म्हणून. तो प्रश्न रास्तच होता. पण त्यात आणखी एक मेख होती. मोठ्या कारखान्यात स्पिरिट ९५-९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. तिथं ज्वारी काय, मका काय, सडका तांदूळ काय, सगळं एकच. चव उरत नाही, म्हणजे धान्याचा दर्जा उरत नाही, म्हणजे चांगल्या धान्याला चांगला भाव देण्याचं कारणही उरत नाही. कारखाना सगळ्यात स्वस्त माल घेणार, हे ठरलेलं. जपानचा शेतकरी साकेच्या भाताला चढा भाव घेतो तो चव मोजली जाते म्हणून. धान्याची दारू केली की शेतकऱ्याचं भलं होतं, हे वाक्य चवीशिवाय अर्धवट आहे. २०२५ च्या निर्णयालाही माझा हाच प्रश्न आहे.

मोहाचं थोडं बरं चाललंय. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलांच्या गोळा करण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले. मेळघाटच्या पलीकडं मध्य प्रदेशानं आदिवासी बचत गटांची मोहाची ‘हेरिटेज’ दारू अलीराजपूर आणि डिंडोरीतून बाजारात आणली. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये ती राज्याचं वारसा पेय ठरली. आपल्या धारणी-चिखलदऱ्यात मात्र मोहाची दारू अजून ‘गावठी’च, आणि गावठी म्हणजे छापा.

दारूचं समर्थन करतोय का?

नाही. विदर्भात दारूनं काय केलं ते सांगायला मी कोण? वर्धा आणि गडचिरोली आजही बंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बायांनी मतदान करून, आडवी बाटली करून दुकानं बंद पाडलीत, ते घरातलं सोसून झाल्यावर. आणि घरची म्हणून कोणतीही दारू सुरक्षित असते असंही नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं.

पण एक बघा. या बाया ज्या दारूविरुद्ध लढल्या ती कशी आहे? लवकर चढावी, स्वस्तात चढावी, एवढ्याच कामाची. तिला चव नाही, ऋतू नाही, सण नाही. ती चाखायची नसते, घशाखाली ओतायची असते. दीडशे वर्षं सरकारांनी फक्त लिटर मोजले, तर लोक तरी दुसरं काय मोजणार?

आता शेवटचं, उपयोगाचं. आपल्याकडच्या कित्येक घरांतली पोरं पुण्या-बंगलोरला आहेत, काही जपानलाही. कोणी साकेची बाटली आणलीच, तर आधी लेबल वाचा. ‘जुनमाई’ आहे का? दाणा किती टक्के उरला? बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. ‘नामा’ लिहिलं असेल तर ती न तापवलेली आहे, फ्रिजमध्येच ठेवावी लागते. उघडल्यावर लवकर संपवा, ही वर्षानुवर्षं मुरत ठेवायची चीज नाही. गिंजो गार, साधी जुनमाई कोमटही चालते. माकगोली असेल तर खाली बसलेला साका हलक्या हातानं हलवून घ्या. छोटा घोट, जेवणासोबत. आणि न पिणाऱ्यांनी नुसता वास घेऊन बघा, भाताची पेज आठवते का ते.

आणि मग आपल्या आमदार-खासदारांना एकच प्रश्न विचारा. धान्याच्या दारूत धान्य कोणतं, किती, आणि कोणत्या शेतकऱ्याचं, हे बाटलीवर छापायला लावाल का? बंदी हवी की नको यावर आपलं एकमत होणार नाही. पण एवढं छापून घेण्यावर व्हायला हरकत नाही.

तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना भट्टीच्या ठेक्याचे, अबकारीच्या छाप्यांचे, मोहाच्या हंगामाचे किस्से माहीत असतील तर खाली लिहा. नावं टाकू नका, किस्से टाका. ती माणसं आहेत तोवरच हा इतिहास लिहून ठेवता येईल.